महाग तेवढं सुरेल? छे, मुळीच नाही!

हेडफोन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी ही गोष्ट ऐकावी. येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोन-इअरफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशेजारी मांडून पाहिली. खर्जापासून टिपेपर्यंत कुठला सूर किती जोरात उमटतो हे मोजायचं आणि महागड्या मालात ते काही वेगळं निघतं का, हे तपासायचं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध आला आणि निकाल मथळ्यातच सांगून टाकलेला होता: किमतीचा आणि या मोजमापाचा काही संबंध नाही!

मग पैसे जातात कुठे? धातूच्या बिजागरीला, मऊ गादीला, बॅटरीला, बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या यंत्रणेला, डबीच्या ऐटीला आणि जाहिरातीतल्या चेहऱ्याला. यातल्या काही गोष्टींसाठी पैसे मोजावेतच. फक्त कशासाठी मोजतोय, ते ठाऊक हवं.

स्वयंपाकघरातून थेट आरमारात

आवाज कानाशी नेण्याची हौस रेडिओपेक्षाही जुनी. फ्रेंच अभियंता अर्नेस्त मर्कादिए याने १८९१ मध्येच कानात खोचायच्या टेलिफोन-जोडीचं पेटंट घेतलं. वजन पावणेदोन औंसांच्या आत, म्हणजे पन्नासेक ग्रॅम, आणि कानाला टोचू नये म्हणून वर रबराचं आवरण. इअरबडची रबरी टोपी इतकी जुनी आहे! १८९५ पासून लंडनमध्ये वर्षाला पाच पौंड भरले की टेलिफोनच्या तारेवरून घरबसल्या नाटकं आणि ऑपेरा ऐकता येत.

डोक्यावर चढणारा हेडफोन मात्र अमेरिकेतल्या युटा राज्यात, एका स्वयंपाकघरात जन्माला आला. नॅथॅनियल बाल्डविनने १९१० मध्ये आपला नमुना अमेरिकी नौदलाकडे पाठवला. नौदलाने तो तपासला, खूश होऊन मागणी नोंदवली, तर बाल्डविनचं उत्तर आलं की एका वेळी दहाच करून देता येतील, कारण काम स्वयंपाकघरात चालतं. नौदलाची तक्रार एकच होती: डोक्यावरची पट्टी सोयीची नाही. म्हणजे बघा, हेडफोनबद्दलची पहिली मोठी तक्रार आवाजाची नव्हती, आरामाची होती. बाल्डविनने चामड्याने मढवलेल्या दोन तारांची, मागेपुढे सरकवता येणारी पट्टी करून दिली. तिचं पेटंट घेण्याइतकी ती मोठी गोष्ट आहे, असं काही त्याला वाटलं नाही.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा सर्वांत स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी लागे ना वीज. पण आवाज इतका क्षीण, की हेडफोन लावल्याशिवाय काही ऐकूच येत नसे. मुंबईकराच्या कानाला हेडफोन लागून अशी शंभर वर्षं होत आली.

डोळे झाकून ऐकलं तर?

‘याचा आवाज भारी आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात नाव, किंमत, वजन, गादीचा स्पर्श असं सगळं मिसळलेलं असतं. हे वेगळं कसं काढायचं? हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला. नुसते डोळे झाकून भागत नाही, कारण हात लागला की ओळख पटते. म्हणून पुढच्या प्रयोगांत त्यांनी युक्ती केली: ऐकणाऱ्याच्या डोक्यावर सतत एकच हेडफोन ठेवायचा आणि बाकीच्या हेडफोनचा आवाज त्यातूनच हुबेहूब वाजवायचा. नाव नाही, वजन नाही, उरतो तो फक्त आवाज.

बहुसंख्य लोकांची पसंती एकाच दिशेला गेली. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, तसा आवाज लोकांना हवा होता. कुणाला खर्ज थोडा जास्त हवा, कुणाला कमी, एवढाच काय तो फरक. यातून निघालेली आलेखाची रेषा ‘हरमन कर्व्ह’ म्हणून ओळखली जाते आणि आज दोन हजारांच्या आसपासचे वायरवाले इअरफोनही तिच्या जवळपास जाणारा आवाज देतात.

आपल्या गाण्यासाठी परीक्षा घ्यायची तर धडाम्‌ धुडुम्‌ वाजणारं डेमोचं गाणं बाजूला ठेवा आणि ओळखीच्या गायकाचं संथ लयीतलं गाणं लावा. डग्ग्याचा घुमारा गायकाच्या खालच्या सुरांवर चढता कामा नये. चाटेवरचा ‘ना’ स्वच्छ, सुटा यावा. तानपुऱ्याची जवारी गोळा न होता उलगडत राहावी. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू नयेत. या चार गोष्टी जमल्या, तर डब्यावर काय छापलंय ते वाचायची गरज नाही.

चष्म्याची दांडी आणि पळालेला खर्ज

आता हेडफोन-खरेदीतली सर्वांत दुर्लक्षित बाब. कान झाकणाऱ्या बंद हेडफोनची गादी कानाभोवती घट्ट बसली की आत हवाबंद पोकळी तयार होते आणि खर्ज त्या पोकळीच्या जिवावर जगतो. चष्म्याच्या दांडीने गादी किंचित उचलली जाते, बारीकशी फट राहते आणि ढोलाचा दणका तिथून निसटतो. मोठी कुडी, जाड वेणी, कानाजवळची टोपीची कड, सगळ्यांचा परिणाम तोच. एकाच हेडफोनला एक जण ‘दणदणीत’ म्हणतो आणि दुसरा ‘पोकळ’ म्हणतो, याचं कारण पुष्कळदा चष्मा असतं!

दुकानात हे करून बघाच. गाणं चालू ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी कप कानांवर हलकेच दाबा. खर्ज एकदम भरून आला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला नीट बसत नाहीये. फार फरक पडला नाही, तर बसलाय. ही परीक्षा फुकट आहे आणि कुठल्याही आलेखापेक्षा भरवशाची आहे.

कानात खोचायच्या इअरफोनचंही असंच. डबीत बहुधा तीन मापांच्या रबरी टोप्या येतात. कंपनीने मधल्या मापाची बसवलेली असते आणि बरेच लोक ती कधी बदलतच नाहीत. बाकीच्या लावून बघा. उजव्या-डाव्या कानांची मापं वेगळी असू शकतात. तेव्हा एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला मधली, असं खुशाल करा. फुकटात आवाज सुधारण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

वजनाकडेही लक्ष द्या. ॲपलचा पहिला एअरपॉड्स मॅक्स ३८४.८ ग्रॅमचा, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा. दुकानातल्या दोन मिनिटांत हा फरक जाणवत नाही. सिनेमाच्या तिसऱ्या तासाला टाळूवर जाणवतो.

आणि घाम! सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा मागून उघडा हेडफोन काढला. पिवळ्याधमक स्पंजच्या गाद्या, हलकं वजन, कानाला वारा लागणार आणि आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता मोकळा पसरणार. त्याचे एक कोटीहून जास्त नग खपले. एप्रिल-मेच्या काहिलीत घरी बसून गाणी ऐकायची असतील, तर उघड्या हेडफोनला तोड नाही. बसमध्ये मात्र तो काही कामाचा नाही: बाहेरचं सगळं आत येतं आणि तुमचं गाणं शेजाऱ्याला ऐकू जातं.

गोंगाटावर गोंगाटाचाच उतारा

नॉइज कॅन्सलिंगची कल्पना फार जुनी. जर्मन शास्त्रज्ञ पाउल ल्यूग याला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्येच मिळालं. बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याची नेमकी उलटी लहर तयार करायची आणि दोन्ही एकमेकींना भिडवून शांतता करायची. कागदावर सोपं, प्रत्यक्षात अवघड.

ते प्रत्यक्षात उतरवण्याचा ध्यास घेतला बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी. वडील बंगाली क्रांतिकारक, ब्रिटिशांपासून निसटून अमेरिकेत गेलेले. १९७८ मध्ये युरोपातून बोस्टनला परतताना विमानाच्या घरघरीत हेडफोनमधलं संगीत बुडून गेलं आणि बोस यांनी त्याच प्रवासात आकडेमोड सुरू केली. १९८६ मध्ये कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या वैमानिकांनी त्यांचे नमुने वापरले आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. अकरा वर्षं एका कल्पनेमागे!

हे तंत्र एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर उत्तम चालतं: विमानाची घरघर, एसीचा घुर्र, लोकलच्या मोटारीची गुणगुण. अचानक वाजणारा हॉर्न, लहान मुलाचं रडणं, शेजारच्याचा फोनवरचा संवाद पूर्ण जात नाही. ‘सगळं शांत होईल’ या अपेक्षेने घ्याल तर हिरमोड होईल.

तरी रोज प्रवास करणाऱ्याने यासाठी पैसे खर्चावेत असं मी ठामपणे म्हणेन, कारण प्रश्न कानाचा आहे. बाहेर गोंगाट असला की आपण गाणं आणखी मोठं करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित, पण ९० डेसिबल फक्त चार तास. दहा डेसिबल वाढले की वेळ थेट दहावा हिस्सा! बाहेरची घरघर कमी झाली तर आवाज वाढवावाच लागत नाही.

दिसायला कसा?

दिसण्याला पैसे देण्यात वावगं काही नाही. हेडफोन हा चेहऱ्यावर मिरवायचा दागिनाच आहे. २००१ च्या आयपॉडने पांढऱ्या वायरीला रुबाब दिला. बीट्सने मोठाले रंगीत हेडफोन गळ्यात आणले आणि २०१४ मध्ये ॲपलने ती कंपनी तीन अब्ज डॉलरना घेतली. २०१६ च्या एअरपॉड्सची सुरुवातीला भरपूर थट्टा झाली. आता कुठल्याही कॉलेजच्या फाटकापाशी उभं राहून बघा, कानामागून आली आणि तिखट झाली! ऐटीचं टोक म्हणजे सेनहायझरचा एचई १. त्याचा ॲम्प्लिफायर इटलीतल्या करारा संगमरवरात बसवलेला, आणि २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा किंमत होती ५० हजार युरोंच्या घरात.

पिकलेले, पण निवृत्त न झालेले

पैसा वसूल म्हणजे काय, ते जुन्या मॉडेलांकडून शिकावं. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ चा, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० १९८५ चा, सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ चा, सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ चा. हे सगळे इतक्या वर्षांनी अजून विकले जातात. कारण साधं आहे: वायर आहे, बॅटरी नाही, गाद्या बदलता येतात. एचडी ६०० चे तर जवळजवळ सगळे भाग सुटे होतात आणि सुटे मिळतात.

याउलट वायरलेस इअरबडमध्ये इवलीशी बॅटरी बंदिस्त असते. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि आवाज कितीही गोड असला तरी जोडी कचऱ्यात जाते. म्हणून बडवर फार मोठी रक्कम लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांसाठी आणखी एक इशारा. नकली चामड्याच्या गाद्या दमट हवेत आणि घामाने सुटतात. काळे पापुद्रे गळून कानाला, मानेला, कॉलरला चिकटू लागतात. कापडी किंवा वेल्व्हेटच्या गाद्या इथे जास्त टिकतात. आणि गादी गेली म्हणजे हेडफोन गेला असं नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एकदा चौकशी करा. तुटलेली पिन बदलून देणारे कारागीरही तिथेच भेटतील.

जाता जाता

लाल खूण म्हणजे उजवी बाजू, कुठल्याही कंपनीत. सोनीच्या अनेक हेडफोनवर डाव्या बाजूला बारीक उंचवटा असतो, अंधारात बोटाला कळावा म्हणून.

१ जुलै १९७९ ला आलेल्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना माइकवरून बोलता यायचं. एकट्याने ऐकत बसणं शिष्टाचाराला धरून नाही, अशी सोनीला काळजी होती!

एलडॅक हे वरच्या दर्जाचं ब्लूटूथ तंत्र आयफोनमध्ये नाही. आयफोनवाल्यांनी डब्यावरच्या त्या अक्षरांसाठी जादा पैसे देऊ नयेत.

आता माझा कौल. घरी, शांत खोलीत ऐकणार असाल तर वायरवाला उघडा हेडफोन. रोजचा प्रवास असेल तर गोंगाट कापणारा. खिसा हलका असेल तर वायरवाला इअरफोन आणि टोप्यांची योग्य जोडी; आवाजात कमी पडणार नाही. खरेदीला जाताना चष्मा घालून जा, आपला फोन आणि आपलं गाणं न्या, निदान वीस मिनिटं डोक्यावर ठेवा, तळव्याची परीक्षा करा. ऑनलाइन घेणार असाल, तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, ते पैसे भरण्याआधी वाचा.