'हरित' कशाला म्हणायचं?

मंडळी, आज आयनिक द्रवांबद्दल बोलू. नाव अवघड, पण हे मीठच. फक्त १०० अंश सेल्सिअसच्या खाली द्रवरूप असलेलं. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलेलं असं एक मीठ तर १२ अंशांनाच वितळतं. यांतल्या काही द्रवांत लाकडातलं सेल्युलोज विरघळतं. ते मिश्रण बारीक छिद्रांतून पाण्यात सोडलं की सेल्युलोजचा धागा होतो आणि आयनिक द्रव पाण्यात उतरतो.

हे द्रव सहसा उडून जात नाहीत, म्हणून आपण त्यांना 'हरित' म्हणतो. पण बघा, जे उडत नाही त्याची वाफ करून ते वेगळंही काढता येत नाही! मग उलटं करायचं: पाणी उडवायचं, द्रव मागे ठेवायचा. त्याला भरपूर उष्णता लागते. शिवाय विरघळलेली अशुद्धी मागेच राहते, फेरीगणिक साठते.

समजा, दर फेरीत ९९ टक्के द्रव परत मिळाला. छान वाटतं ना? पण भर न घालता १०० फेऱ्या केल्या, तर जेमतेम ३७ टक्के उरतो. बाकीचा सांडपाण्यात जातो, धाग्यात अडकतो किंवा त्याचं विघटन होतं. आणि यांतले काही द्रव जलचरांना विषारी आहेत.

तेव्हा 'हरित' हे विशेषण द्रव्याचं नाही, सगळ्या प्रक्रियेचं आहे. ते लावण्याआधी आपण विचारायचं: परत किती मिळालं, आणि किती उष्णता खर्चून?