कानांनी खेळायचे ॲक्शन खेळ

या खेळांत चित्रं नसतात, सगळं आवाजावरूनच ओळखायचं. डाव्या कानात पावलं वाजली तर शत्रू डावीकडे; आवाज वाढला तर तो जवळ आला. म्हणून स्पीकरपेक्षा डावा-उजवा भेद नीट कळवणारा हेडफोन हवा. हेडफोनची डावी बाजू डाव्याच कानावर आहे ना, हे आधी तपासा. बाजू उलटल्या तर नेम चुकणारच.

चित्रं नसल्यामुळे यातले बरेच खेळ जुन्या विंडोज संगणकावरही चालतात. बीडजवळच्या नेकनूरसारख्या गावात घरचं इंटरनेट रेंगाळत असेल, तर बीडला एकदा डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणावेत. ‘शेड्स ऑफ डूम’ हा २००१चा भूलभुलैया एकट्याने खेळायचा. झोंबींचा ‘स्वॅम्प’ मात्र इतरांसोबत ऑनलाइन खेळण्यासाठी बनवलेला आहे.

खेळ सुरूच झाला नाही तर घाबरू नये. अनेक जुन्या खेळांना व्हिज्युअल बेसिक आणि डायरेक्टएक्सच्या जुन्या फाइली लागतात. काही निरुपद्रवी खेळांना अँटिव्हायरस उगाच अडवतो. खेळ मूळ निर्मात्याकडून घेतल्याची खात्री असेल तरच परवानगी द्या.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीनरीडर मराठीही वाचतो. खेळ स्वतः बोलत असेल, तर एनव्हीडीएला त्या खेळापुरतं ‘स्लीप मोड’मध्ये ठेवा, नाहीतर दोन आवाज भांडतात. बहुतेक खेळ इंग्रजीच बोलतात, ही मोठी उणीव. मराठी प्रोग्रामरांनी ती भरून काढायलाच हवी.