दिवाळें कां निघतें? : एका प्राध्यापिकेचा शोध

आपल्या मराठींत 'दिवाळें' हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे. पूर्वीं एखादा पेढीवाला देणें भागविण्यास असमर्थ झाला म्हणजे तो भर दिवसा आपल्या दुकानांत दिवा पेटवून ठेवीत असे, व त्यावरूनच हा शब्द रूढ झाला, असें सांगतात. 'अमक्यानें हात वर केले' असेंहि आपण म्हणतों. परंतु हे शब्द उच्चारतांना आपल्या स्वरांत सहानुभूतीपेक्षां उपहासच अधिक असतो. ज्याचें दिवाळें निघालें तो एक तर उधळ्या असावा किंवा लबाड असावा, असें आपण मनांत धरूनच चालतों. हा ग्रह खरा कीं खोटा, याचा निवाडा पुराव्यावरून करण्याचा उद्योग अमेरिकेंतील कांहीं कायदेपंडितांनीं केला. त्यांपैकीं एका प्राध्यापिकेच्या अध्यापनाची व संशोधनाची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम त्या देशांतील कायद्याची ओळख करून घेऊं. दिवाळखोरीसंबंधीं सर्व देशास लागू असे कायदे करण्याचा अधिकार १७८७ सालीं तयार झालेल्या राज्यघटनेनेंच अमेरिकन काँग्रेसला दिलेला आहे. तेथें चालू असलेली संहिता १९७८ सालची असून तिच्यांत पुढें वेळोवेळीं फेरफार झाले आहेत. समजा, एखाद्या कुटुंबाच्या डोक्यावर न पेलण्याइतकें कर्ज झालें. तें कुटुंब न्यायालयांत अर्ज करूं शकतें, आणि त्याच्यापुढें मुख्यतः दोन मार्ग असतात. सातव्या प्रकरणाचा मार्ग असा : कायद्यानें राखून ठेवलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता स्वाधीन करावयाची, तिच्या विक्रीचा पैसा धनकोंनीं वांटून घ्यावयाचा, आणि उरलेल्या बहुतेक कर्जांतून ऋणको मुक्त व्हावयाचा. तेराव्या प्रकरणाचा मार्ग असा : मालमत्ता जवळ ठेवावयाची, परंतु मिळकतींतून तीन ते पांच वर्षेंपर्यंत ठराविक हप्ते भरावयाचे, आणि ते पुरे झाले म्हणजे मग सुटका. मुलांच्या पोटगीसारखीं कांहीं देणीं मात्र कोणत्याहि मार्गानें सुटत नाहींत. प्रामाणिक परंतु दुर्दैवी माणसास नव्यानें संसार मांडण्याची संधि मिळावी, हा या कायद्याचा हेतु आहे.

आतां आमच्या चरित्रनायिकेकडे वळूं. एलिझाबेथ वॉरन यांचा जन्म १९४९ सालीं ओक्लाहोमा सिटी येथें झाला. त्या बारा वर्षांच्या असतांना वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, मिळकत घटली, घरची मोटर गेली, आणि राहतें घरहि जाण्याची वेळ आली. तेव्हां कधीं नोकरी न केलेल्या त्यांच्या आईनें एका मोठ्या दुकानांत अल्प वेतनाची नोकरी धरली, आणि घर वांचलें. पुढें शाळेंतील वादविवादांत मिळविलेल्या यशाच्या जोरावर त्यांना सोळाव्या वर्षीं महाविद्यालयाची शिष्यवृत्ति मिळाली. एकोणिसाव्या वर्षीं विवाह झाल्यामुळें तो अभ्यास अर्ध्यावर सुटला. परंतु त्यांनीं तो सोडून दिला नाहीं. १९७० सालीं ह्यूस्टन विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं कांहीं काळ विशेष साहाय्याची गरज असलेल्या मुलांना शिकविलें, आणि १९७६ सालीं रट्गर्स विद्यापीठांतून त्या कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर ह्यूस्टन, टेक्सस व पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांत क्रमाक्रमानें अध्यापन करून १९९५ सालीं त्या हार्वर्ड येथें कायम प्राध्यापिका झाल्या.

त्यांनीं दिवाळखोरीचा कायदा शिकविण्यास सुरुवात केली तेव्हां नवी संहिता नुकतीच अंमलांत आली होती. तीमुळें दिवाळीं काढणें फार सोपें झालें असून लबाडांचें फावलें आहे, अशी ओरड सावकारी संस्थांनीं चालविली होती. वॉरनबाईंचा स्वतःचा समजहि प्रारंभीं कांहींसा असाच होता, आणि अशा फसव्या लोकांचें पितळ उघडें पाडावें या बुद्धीनेंच आपण कामास लागलों, असें त्यांनीं पुढें मोकळ्या मनानें सांगितलें आहे. समाजशास्त्रज्ञ टेरेसा सलिव्हन व कायद्याचे प्राध्यापक जे वेस्टब्रुक हे दोघे त्यांस सहकारी मिळाले.

या तिघांनीं अवलंबिलेली पद्धति विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. तोंवर कायद्याचे पंडित बहुधा ग्रंथालयांत बसून वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे वाचीत. परंतु सामान्य कुटुंबाचें दिवाळें वरिष्ठ न्यायालयापर्यंत क्वचितच जातें. त्याची हकीकत खालच्या न्यायालयाच्या दप्तरांतच पडून राहते. अर्जदारानें आपली मिळकत, घर, सामानसुमान, आणि कोणाचें किती देणें आहे हें सर्व शपथेवर लिहून द्यावें लागतें. या संशोधकांनीं इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया व टेक्सस या तीन राज्यांतील दहा न्यायक्षेत्रांत १९८१ सालीं दाखल झालेलीं प्रकरणें निवडलीं, नकला काढण्याचें यंत्र बरोबर नेऊन त्या कागदांच्या नकला घेतल्या, आणि शेंकडों कुटुंबांचे आंकडे एकत्र मांडले. काम कंटाळवाणें होतें. परंतु त्यांतून जें निघालें तें कोणाच्याच अपेक्षेप्रमाणें नव्हतें.

दिवाळखोरांत भटके व आळशी लोक असावेत असा समज होता. प्रत्यक्षांत ते बहुतेक नोकरी-धंदा करणारे, मध्यमवर्गीय लोक निघाले. जवळजवळ निम्म्यांचीं स्वतःचीं घरें होतीं. त्यांचे व्यवसाय शेजारपाजारच्या लोकांसारखेच होते. मिळकत मात्र घटलेली आणि कर्ज तिच्या मानानें अतोनात वाढलेलें होतें. आपलें कर्ज सहज फेडूं शकत असूनहि न्यायालयाच्या आड लपणारे फारच थोडे आढळले. हे निष्कर्ष १९८९ सालीं 'अ‍ॅज वुई फरगिव्ह अवर डेटर्स' या ग्रंथांत प्रसिद्ध झाले. हें नांव ख्रिस्ताच्या प्रार्थनेंतून घेतलेलें आहे, हें आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पुढें १९९१ सालच्या प्रकरणांचा पांच राज्यांत असाच शोध घेऊन त्यांनीं २००० सालीं दुसरा ग्रंथ लिहिला. नोकरी जाणें, आजारपण, घटस्फोट, घराचा न झेपणारा बोजा, आणि उधारीचीं कार्डें हीं संकटांचीं मुख्य द्वारें होत, असें त्यांत दाखविलें आहे.

या शोधांतूनच वकिलीच्या धंद्यावर एक विलक्षण प्रकाश पडला. कायदा साऱ्या देशास एकच. तरीहि एका जिल्ह्यांत बहुसंख्य लोक सातव्या प्रकरणाचा मार्ग धरीत, तर दुसऱ्यांत तेराव्याचा. असें कां व्हावें? या तिघांनीं १९९४ सालीं लिहिलेल्या निबंधांत याचें उत्तर असें दिलें कीं, प्रत्येक न्यायालयाभोंवतीं न्यायाधीश, व्यवस्थापक व वकील यांची एक स्थानिक वहिवाट तयार होते, आणि अशिलाचा मार्ग पुष्कळदां तीच ठरविते. त्याच सुमारास, १९९३ सालीं, जीन ब्राउशर या दुसऱ्या प्राध्यापिकेनें ओहायो व टेक्सस या राज्यांतील चार शहरांच्या वकिलांच्या मुलाखती घेऊन हीच गोष्ट जवळून पाहिली. वकिलाची फी कशी मिळते, न्यायाधीशास काय रुचतें, आणि कर्ज फेडण्याविषयीं वकिलाचें स्वतःचें मत काय आहे, या सर्वांचा परिणाम अशिलास मिळणाऱ्या सल्ल्यावर होतो, असें त्यांना दिसून आलें.

याहून गंभीर गोष्ट २०१२ सालीं पुढें आली. ब्राउशर, डॉव्ह कोएन व रॉबर्ट लॉलेस यांनीं आंकड्यांवरून दाखविलें कीं, तेराव्या प्रकरणाचा अधिक खर्चाचा व लांबणीचा मार्ग धरणाऱ्यांचें प्रमाण कृष्णवर्णीय कर्जदारांत इतरांच्या जवळजवळ दुप्पट आहे. मग त्यांनीं एका काल्पनिक जोडप्याची हकीकत अनेक वकिलांकडे पाठवून सल्ला विचारला. हकीकत तीच, फक्त कोठें जोडप्याचीं नांवें व प्रार्थनामंदिर गोऱ्या समाजांतील, तर कोठें काळ्या समाजांतील. तेवढ्या फरकानेंहि सल्ला बदलला! त्या वकिलांच्या मनांत दुष्टावा होता असें नव्हे. परंतु न तपासलेली समजूत सज्जनाच्या हातूनहि अन्याय घडविते, हेंच यावरून दिसतें. आणि त्या अन्यायाची किंमत कोणा बापानें भरलेल्या हप्त्यांनीं व कोणा मुलाच्या बुडालेल्या शिक्षणानें मोजावी लागते.

वॉरनबाईंचें सर्व म्हणणें सर्वांनीं मान्य केलें असें मात्र नाहीं. त्यांनीं वैद्यकशास्त्रज्ञांसह २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सुमारें निम्म्या दिवाळ्यांच्या मुळाशीं आजारपण असल्याचें म्हटलें होतें. आजारपण सोबत असणें आणि तेंच कारण असणें यांत भेद आहे, असा आक्षेप कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं घेतला, व २०१८ सालीं निराळ्या पद्धतीनें काढलेला आंकडा पुष्कळच लहान आला. शास्त्राची वाट अशीच असते. एकाचा आंकडा दुसरा तपासतो, आणि त्यांत कोणाचाहि अपमान नसतो.

१९९५ सालीं सरकारनें नेमलेल्या दिवाळखोरीविषयक समितीच्या त्या सल्लागार झाल्या. कायदा कडक करूं नये म्हणून त्या दहा वर्षें झगडल्या. परंतु २००५ सालीं कडक कायदा मंजूर झालाच. तो अंमलांत येण्यापूर्वीं अर्ज करण्यासाठीं इतकी गर्दी उसळली कीं, त्या एका वर्षांत वीस लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. तथापि त्यांचा अभ्यास वायां गेला नाहीं. कर्जाच्या व्यवहारांत सामान्य ग्राहकाचें रक्षण करणारी एक स्वतंत्र सरकारी कचेरी असावी, ही त्यांची सूचना होती. आणि २०१० सालच्या कायद्यानें तशी कचेरी स्थापन झाली. २०१३ सालीं त्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वतीनें सेनेटच्या सभासद झाल्या. त्यांच्या राजकारणाविषयीं मतें कांहींहि असोत, त्यांच्या या विद्याव्यासंगापासून घेण्याजोगा बोध स्वतंत्रच आहे.

विद्यार्थी मित्रहो, जी गोष्ट 'सर्वांनाच ठाऊक आहे' ती एकदां मोजून पाहण्यास लाजूं नका. आणि मोजतांना आपलाच समज खोटा ठरला, तर तें कबूल करण्यास त्याहूनहि लाजूं नका. पालकांसहि आमची एक विनंती आहे. आपल्या आळींतील एखाद्या घरावर कर्जामुळें संकट आलें, तर त्या घरच्या मुलांबरोबर आपल्या मुलांचें खेळणें थांबवूं नका. त्या घरांत भर दिवसा लागलेला दिवा लबाडीचा आहे कीं दुर्दैवाचा, हें त्या घराचें दप्तर वाचल्यावांचून आपणांस कसें कळणार?