आठवड्यातून किती दिवस चालावे?

"साखर वाढली आहे, प्रेशरही आहे. रोज चालत जा." सरकारी दवाखान्यात हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असते. मागे रांग मोठी असते, डॉक्टरांना वेळ नसतो. त्यामुळे किती चालायचे, आठवड्यातून किती दिवस आणि किती जोरात, हे विचारायचे राहूनच जाते. मग माणूस घरी येऊन आपल्या मनाने ठरवतो. पहिल्या दिवशी उत्साहात तासभर चालतो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात. तिसऱ्या दिवशी टाच ठणकते. चौथ्या दिवशी नळाला पाणी येण्याची वेळ आडवी येते किंवा ओव्हरटाइम लागतो, आणि चालणे बंद पडते. पुढच्या तपासणीला साखर होती तिथेच असते.

वाचकहो, यात दोष आळसाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. घरात कमावणारे माणूस एक किंवा दोन असतात. त्यातला एक जण लकव्याने किंवा किडनीच्या आजाराने अंथरुणाला खिळला, तर मुलांच्या शिक्षणाचा पैसा औषधात जातो. म्हणून हा हिशेब प्रत्येक घराला माहीत हवा.

थोडे चाला, पण बहुतेक दिवस चाला

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. भरभर चालणे हा त्यातला सर्वात स्वस्त प्रकार. १५० मिनिटे म्हणजे ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस.

आता कोणी म्हणेल, "मी रविवारी एकदमच दोन-अडीच तास चालतो, हिशेब पूर्ण." आधीपासून सवय असलेल्या माणसाचे कदाचित भागेल. नव्याने सुरुवात करणाऱ्याचे त्याने नुकसान होते. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सरावतात, पण टाचा, गुडघे आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर यांना जास्त वेळ लागतो. त्यांच्यावर एका दिवसात सगळा भार टाकला की ते दुखावतात.

दुसरे कारण साखरेचे. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. चालणे संपल्यावरही काही काळ शरीर इन्सुलिनचा वापर अधिक चांगला करते. हा फायदा साधारण एक ते दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. रविवारी चालून बुधवारपर्यंत बसून राहिले, तर रविवारची कमाई मंगळवारपर्यंत खर्च झालेली असते. म्हणूनच मधुमेह असलेल्यांना तज्ज्ञ सांगतात, की चालण्यात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका.

सुरुवात करणाऱ्याने आपला नियम त्याहून थोडा कडक ठेवावा: आठवड्यातून ५ दिवस चालायचे, दोन दिवस सुटी, आणि दोन्ही सुट्या लागोपाठ घ्यायच्या नाहीत. बुधवार आणि रविवार सुटी ठेवली तरी चालेल. पाहुणे येणे, ताप येणे, लग्नकार्य यांसाठी या दोन सुट्या राखीव असतात. साधे चालणे सातही दिवस केले तरी अपाय नाही, पण सुरुवातीला सातची प्रतिज्ञा करून तिसऱ्या दिवशी मोडण्यापेक्षा पाच दिवस पाळलेले बरे.

शतपावलीचा हिशेब

हातात घड्याळ नसले, मोबाइल घरी राहिला, तरी अडत नाही. आपल्याकडे जेवणानंतर शतपावली करण्याची रीत आहे. शंभर पावले म्हणजे शतपावली. मोठा माणूस मध्यम वेगाने चालतो तेव्हा एका मिनिटात साधारण १०० पावले पडतात. म्हणजे एक शतपावली म्हणजे एक मिनिट. आपली गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा मोजून ठेवा. ५० पावलांची निघाली, तर जाऊन-येऊन एक मिनिट झाले. दहा फेऱ्या म्हणजे दहा मिनिटे.

मोबाइलवर "रोज १०,००० पावले" असा संदेश फिरत असतो. तो वाचून पुष्कळ जण सुरुवात करण्याआधीच हार मानतात, कारण १०,००० पावले म्हणजे जवळजवळ पावणेदोन तास. हा आकडा कोणत्याही डॉक्टरने तपासून ठरवलेला नव्हता. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याच्या जपानी नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मीटर' असा होता. तिथून हा आकडा जगभर पसरला. जो माणूस मुळीच चालत नाही, त्याला त्याहून खूप कमी पावलांनीही फायदा होतो.

पहिले नऊ आठवडे

पहिला व दुसरा आठवडा: रोज १० मिनिटे, ५ दिवस.
तिसरा व चौथा: रोज १५ मिनिटे, ५ दिवस.
पाचवा व सहावा: रोज २० मिनिटे, ५ दिवस.
सातवा व आठवा: रोज २५ मिनिटे, ५ दिवस.
नववा आठवडा आणि पुढे: रोज ३० मिनिटे, ५ दिवस.

आधी दिवस पक्के करा, मग मिनिटे वाढवा, आणि वेग शेवटी वाढवा. एखादा आठवडा जड गेला तर पुढे जाऊ नका, तोच आठवडा पुन्हा करा. आजारपणामुळे दहा-पंधरा दिवस खंड पडला, तर पुन्हा १० मिनिटांपासून सुरुवात करा. ज्या आजी-आजोबांना सलग १० मिनिटे झेपत नाहीत, त्यांनी सकाळी ५ आणि संध्याकाळी ५ मिनिटे चालावे. तुकडे केले म्हणून फायदा कमी होत नाही.

जेवणानंतरच्या तुकड्यांचा तर विशेष उपयोग होतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये ४१ मधुमेही रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा ३० मिनिटे चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर जास्त खाली राहिली, आणि सर्वात मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. रात्री भात-भाकरी खाऊन लगेच टीव्हीसमोर बसण्याची सवय असेल, तर पहिली १० मिनिटे तिथेच शोधा.

किती जोरात?

चालताना शेजारच्या ताईशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येता कामा नये. आरामात गाणे म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. एक वाक्य बोलतानाही दम लागत असेल तर वेग जास्त आहे. पहिले दोन आठवडे गाणे म्हणता येईल इतक्या संथ गतीने चाललात तरी हरकत नाही. पहिली आणि शेवटची दोन मिनिटे नेहमीच सावकाश चाला.

"दिवसभर उभीच असते की मी!"

धुणीभांडी करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायका हे म्हणतात आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. कामातली हालचालही मोजली जाते. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या कामगारांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करून तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मुंबईची जुनी दुमजली बस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामातला फरक लगेच कळेल.

पण उभे राहणे आणि चालणे सारखे नाही. ओट्याशी चार तास उभे राहिल्याने पाय दुखतात, श्वास मात्र वाढत नाही. तेव्हा स्वतःलाच विचारा, की कामात माझा श्वास थोडा वाढतो का? स्टेशनपर्यंत भरभर चालत जात असाल, एका कामावरून दुसऱ्या कामावर पायी पोचत असाल, तर ती मिनिटे आपल्या हिशेबात खुशाल धरा. जे दिवसभर गोणी उचलतात, बांधकामावर घमेली वाहतात, त्यांच्या शरीराला विश्रांतीचीही गरज असते. त्यांनी कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर १० मिनिटे सावकाश चालले तरी पुरे. रिक्षा-टॅक्सी चालवणारे, शिलाई मशीनवर बसणारे, वॉचमन आणि दुकानात गल्ल्यावर बसणारे यांनी मात्र पूर्ण ३० मिनिटांपर्यंत पोचलेच पाहिजे.

जागा कुठे आहे?

वस्तीत बाग नसते, गल्लीत मोटारसायकली लावलेल्या असतात. तरी पाहा: पालिकेच्या शाळेचे मैदान, विहाराचे आवार, रुंद फुटपाथ, एक थांबा आधी उतरून घरापर्यंतचा रस्ता. बायकांना पहाटे एकटीने बाहेर पडणे सुरक्षित वाटत नाही, ही खरी अडचण आहे. चार-पाच जणींनी मिळून वेळ ठरवावी. सोबत असली की खाडाही कमी होतो. पावसाळ्यात १० बाय १० च्या खोलीतही जागच्या जागी गुडघे उचलून चालता येते.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच चाला. थंडीत संध्याकाळी गल्लीत चुलींचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर साचतो. त्या वेळी दमेकऱ्यांनी बाहेर चालू नये.

पायात मागून पट्टा असलेली सॅंडल किंवा कॅनव्हासचे बूट असावेत. स्लीपर निसटते, ओल्या फरशीवर घसरते. साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसावी.

चालण्याला आपल्या परंपरेतही मान आहे. भिक्खूंच्या चंक्रमणाचे पाच फायदे अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. विहारात रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांनी मिळून १५ मिनिटे चालण्याचा कार्यक्रम ठेवता आला, तर खर्च शून्य आणि लाभ साऱ्या वस्तीला.

कोणी जपून चालावे?

तिशी ओलांडलेल्यांनी चालायला लागण्यापूर्वी एकदा बीपी आणि साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात, पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. वस्तीतल्या आशाताईंना विचारा.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम उतरू शकते. हातपाय थरथरणे, घाम सुटणे, अचानक भूक लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. लगेच बसा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. यासाठी खिशात किंवा कमरेच्या बटव्यात साखरेची पुडी कायम ठेवा. उपाशीपोटी चालू नका. अनवाणी तर कधीच चालू नका, आणि रात्री झोपताना तळवे पाहा. पायाला बधिरपणा असेल तर जखम झालेली कळतही नाही.

सिकलसेलचा आजार विदर्भात आपल्या समाजातही पुष्कळ आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाने दम लागेपर्यंत चालू नये. उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत बाहेर पडू नये, पाणी भरपूर प्यावे आणि किती चालायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गरोदर बहिणींनी नर्सताईंना विचारून सावकाश चालावे.

छातीवर दाब आला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, थंड घाम फुटला, तर तिथेच थांबा. "गॅस असेल" म्हणून घरी जाऊन झोपू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते.

आणि हे लक्षात ठेवा, की चालायला लागलात म्हणून बीपीची किंवा साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आकडे सुधारले तर गोळी कमी करायचे डॉक्टर ठरवतील.

भिंतीवरचे कॅलेंडर

घरात दिनदर्शिका असतेच. तिला दोरीने एक पेन बांधा. ज्या दिवशी चाललात त्या तारखेवर खूण करा. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्या, तो आई-बाबांना सूट देणार नाही. महिन्याच्या शेवटी दोनच गोष्टी पाहायच्या: आठवड्यात पाच खुणा आहेत का, आणि कुठे लागोपाठ दोन घरे रिकामी तर नाहीत ना.

रिकामी दिसली तरी वाईट वाटून घेऊ नका. तिसरे घर रिकामे राहू देऊ नका, एवढेच. आज रात्री जेवण झाले की दहा शतपावल्या घाला आणि पहिली खूण करा.