माळी बदलतो तेव्हा प्रेक्षक काय म्हणतात?

ब्रिटनमध्ये शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे असंख्य घरांत बागेची वेळ. बीबीसी टू वाहिनीवर 'गार्डनर्स वर्ल्ड' लागतो आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे टीव्हीसमोर बसतात. 5 जानेवारी 1968 रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम अजून चालू आहे. या काळात त्यातले माळी बदलले, बागा बदलल्या, शिकवण्याची पद्धतही बदलली. आणि मोठा बदल झाला की तिथल्या वर्तमानपत्रांत वाचकांच्या पत्रांतून नाराजी उमटते.

रोप कसे लावावे हे सांगणारा साधा कार्यक्रम. त्यावर माणसे एवढी हमरीतुमरीवर का येतात? हा प्रश्न आपल्याही कामाचा आहे. कारण आज आपल्या घरांतही कुंडीतल्या पुदिन्यापासून गच्चीवरच्या टोमॅटोपर्यंत सगळे काही लोक पडद्यावर पाहूनच शिकत आहेत.

हक्काची भावना

बीबीसीचा खर्च मुख्यतः परवाना शुल्कातून चालतो. घरात टीव्ही पाहायचा तर वर्षाला ठरावीक रक्कम भरावी लागते. आपल्याकडेही एके काळी रेडिओचे लायसन्स पोस्टात जाऊन काढावे लागे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पैसे आपले, म्हणून कार्यक्रमही आपला, असे तिथल्या प्रेक्षकाला वाटते. प्रेक्षकांची मते मांडण्यासाठी बीबीसीने 1961 पासून 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू' नावाचा वेगळा कार्यक्रमच चालवला.

पण पैसा हे एकच कारण नाही. वर्गात शिक्षक अर्ध्या वर्षात बदलले की मुले आठवडाभर कावरीबावरी होतात. नवे शिक्षक वाईट असतात असे नाही. जुन्यांवर बसलेला विश्वास लगेच दुसऱ्याला देता येत नाही. बागेच्या कार्यक्रमाचेही तसेच आहे.

जाहिरात आणि अमानत

पहिल्या काळातले सर्वांत लोकप्रिय माळी म्हणजे पर्सी थ्रोअर. श्रूझबरी शहरातल्या सार्वजनिक उद्यानांचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. 1969 पासून ते या कार्यक्रमाचा चेहरा झाले. 1976 मध्ये मात्र बीबीसीने त्यांना या कार्यक्रमातून दूर केले. कारण असे की, बागेसाठी रसायने बनवणाऱ्या आयसीआय कंपनीच्या जाहिराती व्यावसायिक वाहिनीवर करण्याचा करार त्यांनी केला होता.

एवढ्या जुन्या, जाणत्या माणसाला काढणे कठोर वाटते. पण दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. किडीवर औषध मारा, असे सांगणारा माणूस त्याच औषधाच्या कंपनीकडून पैसे घेत असेल, तर त्याच्या सल्ल्याची किंमत काय राहते? सल्ला ही अमानत आहे. ज्याच्याकडे लोक विश्वासाने विचारायला येतात, त्याने आपले हितसंबंध त्या सल्ल्यापासून लांब ठेवले पाहिजेत.

हॅमिल्टन यांनी मत बदलले

1979 पासून 1996 पर्यंत हा कार्यक्रम जेफ हॅमिल्टन यांचा होता. रटलंड परगण्यातली त्यांची बार्न्सडेल इथली बाग लोकांना स्वतःच्या घरासारखी माहीत झाली. महागडी वस्तू आणण्याऐवजी ती घरच्या घरी स्वस्तात कशी बनवायची, हे ते हौसेने दाखवत. सुरुवातीला ते रसायने वापरत. पुढे त्यांचा कल सेंद्रिय पद्धतीकडे गेला आणि आपला बदललेला विचार त्यांनी पडद्यावर उघडपणे मांडला.

पीटच्या बाबतीतही त्यांनी ठाम भूमिका घेतली. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ आणि वनस्पती कुजून हजारो वर्षांत तयार झालेला थर. कुंड्या भरायला तो उत्तम, पण तो खणून काढला की दलदल मरते आणि त्यात साठलेला कार्बन हवेत जातो. हॅमिल्टन यांनी पीटला पर्याय शोधा असा आग्रह धरला. वर्षानुवर्षे पीटवर रोपे वाढवणाऱ्यांना सवय मोडणे जड गेले. हा वाद आजही संपलेला नाही. हौशी बागकामासाठी होणारी पीटची विक्री 2024 पर्यंत थांबवू, असे इंग्लंडसाठी सरकारने 2022 मध्ये जाहीर केले. ती मुदत कायदा न होताच उलटून गेली. गंमत म्हणजे पीटऐवजी तिथे जे वापरतात त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे आपले कोकोपीटही आहे. ते भारत आणि श्रीलंकेतून जाते.

हॅमिल्टन 1996 मध्ये एका धर्मादाय सायकलफेरीत हृदयविकाराने गेले. बार्न्सडेलची बाग आजही लोकांना पाहण्यासाठी खुली आहे.

दोन दिवसांत बाग

त्यांच्यानंतर अ‍ॅलन टिचमार्श आले. ते शिकलेले, अनुभवी माळी. पण त्याच सुमारास, 1997 मध्ये, त्यांचाच 'ग्राउंड फोर्स' हा दुसरा कार्यक्रम सुरू झाला. घरमालक बाहेर गेला की चमूने दोन दिवसांत त्याची बाग पालटून टाकायची आणि तो परतल्यावर त्याला चकित करायचे, असा तो खेळ. लाकडी फळ्यांचे ओटे आणि कारंजी यांची मोठी लाट ब्रिटनभर आली.

लोकांनी तो आवडीने पाहिला. तरी जुन्या प्रेक्षकांची एक कुरबूर होती आणि ती आपणही ऐकण्यासारखी आहे. बाग दोन दिवसांत होत नाही. बी रुजायला वेळ लागतो, कलम धरायला वेळ लागतो, झाड मेले तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते. हा सब्र पडद्यावरून नाहीसा झाला, तर पाहणाऱ्याला आपली हळूहळू वाढणारी बाग अपयशी वाटू लागते.

सर्वांत मोठी नाराजी

2003 मध्ये माँटी डॉन आले. त्यांनी बागकामाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. पूर्वी त्यांचा दागिन्यांचा व्यवसाय होता. हे सर्वांना पटले नाही. हळूहळू प्रेक्षक त्यांच्याशी जुळले, पण 2008 मध्ये पक्षाघाताच्या सौम्य झटक्यामुळे ते बाजूला झाले.

त्यांच्या जागी टोबी बकलंड आले. त्यांनी उद्यानविद्येचे रीतसर शिक्षण घेतले होते. कार्यक्रमाचा थाट मात्र बदलला. बर्मिंगहॅममध्ये खास चित्रीकरणासाठी नवी बाग उभारली गेली आणि नवख्यांना सोपे जावे म्हणून मांडणी हलकीफुलकी केली गेली. प्रेक्षकांची तक्रार अशी होती की आम्हाला लहान मूल समजून शिकवले जाते, गंमतजंमत वाढली आणि माहिती घटली. 2010 च्या अखेरीस बकलंड यांना निरोप मिळाला आणि मार्च 2011 पासून माँटी डॉन परतले; तेही हियरफर्डशायरमधल्या स्वतःच्या घरच्या बागेतून.

म्हणजे ज्याच्याकडे प्रशिक्षण होते तो गेला आणि स्वतःच शिकलेला परत आला. याचा अर्थ लोकांना शिक्षणाची किंमत नव्हती असा नाही. बकलंड यांच्यावर काहीसा अन्यायच झाला, असे मला वाटते. कार्यक्रमाच्या थाटाचा राग त्यांच्या वाट्याला आला. त्यांच्याबरोबर अ‍ॅलिस फाउलर याही गेल्या. शहरातल्या छोट्या परसात भाज्या वाढवून दाखवणाऱ्या या बाईंच्या जाण्याने अनेकांना वाईट वाटले. बहुसंख्यांचा आवाज मोठा असतो, पण ज्याच्याकडे दोन वाफ्यांचीच जागा आहे त्याचेही म्हणणे असते.

हा आक्षेप आजही निघतो. माँटी डॉन यांची बाग सुमारे दोन एकरांची. आमच्या बाल्कनीला तिचा काय उपयोग? त्याला उत्तर म्हणून कार्यक्रमात वेगवेगळ्या घरांच्या, वेगवेगळ्या माणसांच्या बागा दिसू लागल्या. मार्क लेन हे चाकाच्या खुर्चीवरून बागकाम करणारे सादरकर्ते त्यात आले. 2020 च्या टाळेबंदीत तर प्रेक्षकांनी आपल्या घरी काढलेल्या चित्रफिती कार्यक्रमात दाखवल्या गेल्या. हा बदल टिकला, कारण त्यात खरी बाग आणि खरी माणसे होती.

फिरदौसची वाट

याच माँटी डॉन यांनी 2018 मध्ये 'पॅराडाइज गार्डन्स' ही दोन भागांची मालिका केली. तिचा विषय होता इस्लामी परंपरेतले बगीचे. चार भागांत विभागलेली बाग, मधून वाहणारे पाणी, सावली आणि फळझाडे. हा चारबाग पाहायला आपल्याला दूर जायला नको. औरंगाबादचा बीबी का मकबरा अशाच बागेत उभा आहे. इंग्रजीतला 'पॅराडाइज' आणि आपला 'फिरदौस' हे दोन्ही शब्द जुन्या इराणी भाषेतल्या कुंपण घातलेल्या बागेच्या एकाच शब्दातून आले आहेत.

झाड लावणे ही आपल्याकडे नुसती हौस नाही. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे पाखराने, माणसाने किंवा जनावराने खाल्ले, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या शिकवणीचा आशय आहे. मग या कामाचा सल्ला आपण कोणाकडून घेतो, हेही जपून पाहायला हवे.

आपल्या घरासाठी

आज मोबाइलवर एका मिनिटात गुलाब फुलतो, एका चमचा पावडरीने मिरची लगडते. पाहणाऱ्या भगिनी ती पावडर मागवतात, रोप जळते आणि 'माझ्या हाताला गुणच नाही' म्हणून त्या कुंडी कोपऱ्यात सारतात. ब्रिटनच्या प्रेक्षकांनी इतकी वर्षे जे प्रश्न विचारले, तेच आपणही विचारू या. सांगणारा स्वतः माती हातात घेतो का? त्याचे झाड पुढच्या वर्षी कसे होते, हे तो दाखवतो का? मेलेले रोपही दाखवतो का? त्याला हे सांगण्याचे पैसे कोण देतो?

आणि तक्रार करायची तर अदब राखून करू या. नवा माणूस आला म्हणून त्याला नाकारू नये. त्याला एक हंगाम तरी द्यावा. तेवढ्यात आपल्या कुंडीतली मेथी दोनदा खुडून होईल, आणि त्याचा सल्ला खरा होता की खोटा, हे ती मेथीच आपल्याला सांगेल.