चौकटीतलं शौर्य (भाग ७) : राणे यांनी उघडलेला रस्ता

मागच्या आठवड्यात आपण मेजर सोमनाथ शर्मा यांची कथा वाचली. ३ नोव्हेंबर १९४७ चं बडगाम, प्लास्टरमधला हात, आणि तशा हातानं जवानांना मॅगझिन भरून देणारा अधिकारी. ‘अमर चित्रकथे’च्या ‘परमवीर चक्र’ या अंकात ती चपखल बसते, कारण तिच्यात एक ठाणं आहे, थोडे तास आहेत आणि समोर चाल करून येणारा शत्रू आहे. त्याच अंकातली सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची कथा मात्र या साच्यात सहजी मावत नाही. म्हणूनच ती पुन्हा आणि सावकाश वाचावी अशी आहे.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत ही चित्रकथामाला सुरू केली. बत्तीस पानांत एक चरित्र, चौकटीच्या माथ्यावर निवेदन आणि फुग्यात संवाद, ही तिची घडण दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे. पै २०११ मध्ये गेले. परमवीरांचा हा अंक त्यानंतरचा. त्यात एकवीस वीर एकत्र आले आहेत. साहजिकच प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच पानं आली.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलिसात शिपाई होते. १९४० मध्ये राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, साधे जवान म्हणून भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चार महिनेही उलटले नव्हते, तोच काश्मीरच्या युद्धात नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली.

८ एप्रिल १९४८ ला डोग्रा पलटणीनं बरवाली टेकडी घेतली. पुढचा रस्ता सुरुंगांनी पेरलेला आणि अडथळ्यांनी बंद केलेला होता. रणगाडे जागीच थांबले. राणे यांची तुकडी सुरुंग काढायला उतरली आणि उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान पडले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्या माणसांना गोळा केलं आणि संध्याकाळपर्यंत रणगाड्यांना वाट करून दिली. ९ तारखेला पुन्हा तेच काम. १० तारखेला पाइनची पाच मोठी झाडं रस्त्यात आडवी पडलेली, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा रोख. दोन तासांत तो अडथळा दूर झाला. ११ तारखेला सकाळी सहाला काम सुरू केलं, अकराच्या सुमारास चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला, आणि पुढचा रस्ता मोकळा करत राणे रात्री दहापर्यंत राबत राहिले. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

या कामाकडे जरा जवळून पाहू. माणूस पोटावर झोपतो. संगिनीचं टोक मातीत तिरकं खुपसतो, कारण सरळ दाबलं तर भार थेट सुरुंगाच्या माथ्यावर पडतो. टोकाला काही टणक लागलं की हात थांबतो. मग बोटांनी भोवतीची माती काढायची, सुरुंग निकामी करायचा, उचलायचा, आणि वीतभर पुढे सरकून पुन्हा टोक खुपसायचं. आता या सगळ्यावर गोळ्यांचा वर्षाव होतोय अशी कल्पना करा. राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, त्याच्या चालीबरोबर सरपटत पुढे गेले आणि दोन दोर ओढून चालकाला ‘थांब’, ‘चल’ अशा खुणा करत राहिले, असं सांगतात. डोक्यावर अनेक टनांचं लोखंड, छातीखाली सुरुंगांची जमीन.

चित्रकथेची खरी कसोटी इथं लागते. लढाईचा क्षण चौकटीत पकडता येतो. तलवार उगारलेली दाखवली की पुढचं वाचकाला कळतं. पण सलग चार दिवस एकाग्र राहिलेलं चित्त कसं काढायचं? ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असतं. एका चौकटीत सुरुंग दिसतो, दुसरीत मोकळा रस्ता. मधल्या बोटभर जागेत बारा-बारा तासांचे दिवस दडलेले असतात आणि ते वाचकालाच भरून काढावे लागतात.

आमच्या सारसोळ्यात मुलांबरोबर हा अंक वाचताना एका मुलानं विचारलं, “राण्यांनी किती शत्रू मारले?” प्रश्न रास्त होता, कारण आधीच्या कथांनी त्याला तीच मोजपट्टी दिली होती. मी त्याला म्हटलं, त्यांच्यामुळे किती माणसं सुखरूप पुढे पोचली ते विचार. त्यावर दुसरी मुलगी म्हणाली, “मग हे रस्ता बांधणाऱ्यांचे परमवीर.” मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. खाडीकाठच्या आमच्या गावाशेजारून पाम बीच मार्ग जातो. त्यावरून धावणाऱ्या गाड्या रोज दिसतात, तो कुणी कसा उभा केला हे कुणी विचारत नाही. युद्धाच्या गोष्टींचंही तसंच होतं. रणगाडे राजौरीत शिरल्याचं लक्षात राहतं, त्यांच्यापुढे सरपटणारा माणूस विसरला जातो.

परमवीर चक्रानं मात्र या माणसाला ओळखलं. हे पदक हयातीत मिळालेले राणे पहिले. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या या बाईंनी त्यावर इंद्राची चार वज्रं घातली. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचं. त्यांनी शस्त्र चालवलं नव्हतं, शस्त्र घडावं म्हणून देह दिला होता. राणे यांच्या छातीवर ते चिन्ह शोभलं, कारण त्यांनीही दुसऱ्यांच्या विजयासाठी आपला देह पणाला लावला.

तेव्हा घरात हा अंक असेल तर मुलांना राणे यांची कथा वाचायला देताना एक करा. प्रत्येक चौकटीनंतर थांबा आणि विचारा, “इथून तिथपर्यंत पोचायला काय काय करावं लागलं असेल?” मुलं माती, दोर, तहान, भीती, सगळं सांगू लागतात. शौर्य म्हणजे उसळी, एवढंच त्यांच्या मनात राहत नाही. नेटानं केलेलं काम हेही शौर्य, हे त्यांना स्वतःलाच गवसतं.

(पुढच्या भागात : पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, ‘फामागुस्ता’ रणगाडा आणि १६ डिसेंबर १९७१ ची बसंतरची लढाई.)