महाविद्यालयीन खेळाडू आणि व्यावसायिक कबड्डीचा करार : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

२०१४ पूर्वी कबड्डी खेळणाऱ्या महाविद्यालयीन युवकापुढील मार्ग ठरलेला होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि या कामगिरीच्या बळावर रेल्वे, पोलीस दल किंवा बँकेतील नोकरी. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला आणि या मार्गाला एक आडवाट फुटली. त्या वर्षीच्या लिलावात राकेश कुमार यांना मिळालेली १२ लाख ८० हजार रुपयांची बोली सर्वोच्च ठरली होती. २०२३ मध्ये पवन सेहरावत यांच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले गेले. पदवी पूर्ण होण्यापूर्वीच या आडवाटेने जावे काय, हा प्रश्न आता वर्धा जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबांतील खेळाडूंसमोरही उभा राहू शकतो. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेण्यात आला आहे.

अमेरिकेतील पूर्वपीठिका :

या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये झाली. महाविद्यालयाची चार वर्षे उलटल्याशिवाय व्यावसायिक संघात प्रवेश नाही, हा एनबीएचा नियम स्पेन्सर हेवूड या खेळाडूच्या दाव्यामुळे १९७१ मध्ये कोलमडला. त्यानंतर काही वर्षे कौटुंबिक हलाखी सिद्ध करणाऱ्यासच लवकर प्रवेश दिला जात असे. म्हणजे दारिद्र्य हीच पात्रता ठरली होती! पुढे कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) शाळेतून थेट व्यावसायिक झाले, तर टिम डंकन यांनी चार वर्षांचे शिक्षण पूर्ण करून १९९७ मध्ये प्रवेश केला. २००५ च्या करारान्वये किमान वय १९ वर्षे करण्यात आले. तेथे मानधन स्वीकारणारा खेळाडू महाविद्यालयीन स्पर्धेस अपात्र ठरत असे. २०२१ पासून हे बंधन सैल झाले आणि २०२५ पासून महाविद्यालयेच खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत.

आपल्याकडील स्थिती याहून मूलतः भिन्न आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन सामना हीच मोठी बाजारपेठ आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक म्हणून बहुधा खेळाडूंचे मित्रच असतात. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनुसार आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडू पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो आणि पूर्णवेळ नोकरी करणारा अपात्र ठरतो. म्हणून लवकर व्यावसायिक होणारा आपला खेळाडू नेमके काय गमावतो, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून कळत नाही. ते आपल्या सेवाप्रवेश नियमांत शोधावे लागते.

पदक तेच, पद निराळे :

महाराष्ट्र शासनाच्या १ जुलै २०१६ च्या निर्णयानुसार गट अ ते गट ड मधील पदांवर प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. वयोमर्यादेत त्यांना ५ वर्षांची सवलत मिळते. परंतु पदासाठी विहित केलेल्या शैक्षणिक अर्हतेत सवलत नाही. या एका तरतुदीत प्रश्नाचे मर्म सामावले आहे. पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते. पोलीस उपनिरीक्षक किंवा तलाठी पदासाठी पदवी लागते. बी.ए. द्वितीय वर्षातून बाहेर पडलेल्या खेळाडूजवळ पदक आहे, वयाची सवलतही आहे, तरीही पदवीअभावी ही दोन्ही पदे त्याच्यासाठी बंद राहतात.

याउलट लीगमधील जागा किती? एकूण १२ संघ आणि प्रत्येक संघात अधिकाधिक २५ खेळाडू, म्हणजे जास्तीत जास्त ३०० जागा. त्यांतही काही परदेशी खेळाडूंच्या. अलीकडच्या लिलावांत सर्वांत खालच्या 'ड' गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये राहिली आहे. कोरडवाहू शेतकरी कुटुंबासाठी ही रक्कम लहान नव्हे आणि तिचा मोह धरणाऱ्या युवकाला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ही बोली आयुष्याची नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील चढाईपटू सिद्धार्थ देसाई यांचे उदाहरण येथे बोलके आहे. २०१८ मध्ये त्यांची बोली ३६ लाख ४० हजार होती, २०१९ मध्ये ती १ कोटी ४५ लाखांवर गेली, दुखापतीनंतर २०२२ मध्ये २० लाखांवर उतरली आणि २०२३ मध्ये पुन्हा १ कोटी झाली. नावाजलेल्या खेळाडूची किंमत अशी हेलकावे खाते. 'ड' गटातील नवख्याला खांदा किंवा गुडघा निखळल्यावर दुसरी बोली मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे लीग झालीच नाही. त्या वर्षी शासकीय नोकरीतील कबड्डीपटूचे वेतन सुरू होते, लीगवरच विसंबलेल्याचे उत्पन्न थांबले. बास्केटबॉलमध्ये तर २०१५ साली सुरू झालेली यूबीए लीग २०१७ नंतर बंदच पडली.

हिवाळी परीक्षेचा पेच :

व्यवहारातील खरी अडचण वेळापत्रकाची आहे. लीगचे हंगाम पाहिले तर २०१७ मध्ये २८ जुलै ते २८ ऑक्टोबर, २०२४ मध्ये १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर आणि २०२५ मध्ये २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर असे ते झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत विषम सत्राचे अध्यापन आणि हिवाळी परीक्षा याच सुमारास येतात. हंगामापूर्वीचे सराव शिबिर धरले तर संपूर्ण सत्रच हातचे जाते. विद्यापीठाच्या संघातून गेलेल्या खेळाडूची गैरहजेरी आपण समजुतीने घेतो. खाजगी संघाशी करार केलेल्या खेळाडूकडे मात्र काहीशा संशयाने पाहिले जाते आणि तो हळूहळू हजेरीपटावरून नाहीसा होतो. ही गळती खेळाडूच्या निर्णयाने जेवढी होते, तेवढीच आपल्या उदासीनतेनेही होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने येथे एक वाट दिली आहे. २०२१ पासून अस्तित्वात आलेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत मिळविलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. प्रथम वर्षानंतर प्रमाणपत्र, द्वितीय वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परतून पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. अर्थात बाहेर पडताना काही अतिरिक्त श्रेयांक पूर्ण करावे लागतात, हे खेळाडूला कोणी आधी सांगितले नाही तर ती मुभा कागदावरच राहते.

करार येतो तो बहुधा इंग्रजीत. दुखापतीचा वैद्यकीय खर्च कोणी करावयाचा, विमा किती, संघाने मध्येच मुक्त केल्यास मानधनाचे काय, हंगाम लांबल्यास परीक्षेसाठी रजा मिळेल काय, ही कलमे घरी समजावून सांगणारे कोणी नसते. हे काम शारीरिक शिक्षण संचालकाचे आहे. पण अनेक महाविद्यालयांत ते पदच रिक्त आहे. अशा ठिकाणी वाणिज्य किंवा इंग्रजी विभागातील प्राध्यापकाने स्वाक्षरीपूर्वी खेळाडू आणि त्याच्या पालकांसमवेत तासभर बसून तो करार वाचावा, श्रेयांक पेढीतील त्याचे खाते तपासावे आणि परतीच्या सत्राचा महिना त्याच दिवशी लिहून द्यावा.